लॅमिनेट केलेली पाटी

काल कुरुंद्यात, माझ्याच सेंटरमधे, माझं डोकं जे फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही... लिहून टाकल्याशिवाय येणारही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी ऑनलाइन फॉर्म भरून देते. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि दारावर लटकवायची एक पाटी. 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' दरवेळी लिहायचा कंटाळा यायचा, म्हणून मीच ती लॅमिनेट करून घेतली होती.

सोमवारपासून एकही साइट उघडेना. काहीही उघडा, लाल त्रिकोण आणि त्याखाली इंग्रजीत चार ओळी... मी फुली दाबायची, परत उघडायची, परत फुली. शेवटी वैतागून पाटी लटकवली आणि झेरॉक्स काढत बसले.

नेटवाल्याला तर फोनवर सोलून काढला. तो बिचारा सांगत होता, ताई लाइन बराबर आहे, तुमच्याच वायफायवर मोबाईल लावून बघा. मोबाईलवर सगळं चालत होतं, तरी मी म्हटलं, मला शिकवू नको. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या ह्याच.

सोमवारीच तांड्यावरची पूजा येऊन गेली होती. नर्सिंगच्या ॲडमिशनचा फॉर्म, बुधवार शेवटची तारीख. मंगळवारी परत आली, पाटी वाचली, मी आतूनच 'उद्या नक्की' म्हटलं... तिला वसमतच्या दुसऱ्या सेंटरला जा म्हणून सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

काल बुधवारी ती आईला घेऊन आली. शेवंताबाई, हळदीच्या निंदणीला जातात, कालचा रोज बुडवून आल्या होत्या. पाटीकडं न बघता आत आल्या, खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी स्क्रीनसमोर बसल्या.

त्यांची खात्री पटावी म्हणून मी साइट उघडली. लाल त्रिकोण आला. माझं बोट सवयीनं फुलीकडं गेलं, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब ताई. ते काय म्हणून राहिलं, वाचून तर सांग."

मी म्हटलं, मावशी, एरर आहे, इंग्रजीत असतं, त्यात काही नसतं.

"काही नसतं तर एवढं लिहिलं काहून? मला वाचता येत न्हाई म्हणून मी तुझ्याकडं येते. तुला तर येतंय ना?"

असा राग आला... कानशिलं तापली. दहा वर्षं झाली मला ह्या खुर्चीत बसून, आता ह्या मला कॉम्प्युटर शिकवणार. मी रागारागात, मुद्दाम मोठ्यानं वाचायला लागले.

'युवर क्लॉक इज बिहाइंड.' तुमचं घड्याळ मागं आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं तर तारीख कैक वर्षांपूर्वीची... पूजा मागून हळूच म्हणाली, "मॅडम, ह्या तारखेला तर मी पाचवीत होते."

मग एकेक लक्षात यायला लागलं. गेल्या शनिवारी शेजारच्यांचा टीव्ही विजेनं जळाला, तेव्हापासून मी शहाणपणा करून संध्याकाळी मेन स्विच बंद करून घरी जायला लागले होते. आणि कॉम्प्युटरच्या पोटात घड्याळ चालू ठेवायला एक बटनाएवढा सेल असतो, तो मेलेला. लाइट गेली की घड्याळ मागं, आणि घड्याळ मागं की साइट बंद... एवढीच गोष्ट.

बरं, हेही कॉम्प्युटर रोज सकाळी सांगत होता. काळ्या स्क्रीनवर लिहून यायचं, तारीख चुकली आहे, भरा, नाहीतर एफ वन दाबून पुढं जा. तीन दिवस मी एफ वन दाबून पुढं जात होते. एवढी मी बिझी.

तारीख बदलायला अर्धं मिनिट लागलं. फॉर्मला पाऊण तास... पावती निघाली तेव्हा पूजानं ती दोन्ही हातांनी धरली. शेवंताबाई मला एका शब्दानं वाईट बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या गेल्यावर पाटी फाडायला घेतली. लॅमिनेशन फाटता फाटेना, इतकं चांगलं करून आणलं होतं मी... शेवटी कात्री लावली.

मग तीन दिवसांत परत पाठवलेल्या सगळ्यांना फोन केले. जवळपास सगळ्यांची तारीख बाकी होती. गजाननची नव्हती. भरतीचा फॉर्म, मंगळवारीच बंद झालेला... आणि वयात बसायची त्याची ही शेवटची भरती होती.

मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "जाऊ द्या ताई, सर्व्हरच डाऊन होता त्याला तुमी काय करणार?"

मी 'हो ना' म्हणाले. खरंच, 'हो ना' म्हणाले आणि फोन ठेवला.

शेवंताबाई, तुमचे उपकार आहेत. आता स्क्रीनवर दोन शब्द आले तरी मी वाचते, समोर बसलेल्यालाही वाचून दाखवते. पण एकाला अजून वाचून दाखवायचं राहिलंय, आणि फोनवर माझी जीभ उचलली नाही, म्हणून इथं लिहितेय.

गजाननभाऊ, सर्व्हर डाऊन नव्हता. समोर लिहिलेलं होतं... मी वाचलं नाही.