दादांचा डावा हात

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. ते शाळेत मास्तर, मी कचेरीत कारकून. लोधीपुऱ्यातल्या आमच्या घराच्या माडीवर, पूर्वेच्या खिडकीशी, त्यांनी मला सगळी आसनं शिकवली. गोऱ्या साहेबांच्या राज्यात दुसऱ्या कशावर आपली हुकमत नाही, निदान या शरीरावर असावी, असं ते म्हणत. साठी उलटल्यावर ते पाहुण्यांसमोर मुद्दाम शीर्षासन करून दाखवायचे. तरुणपणी शंभर श्वास टिकायचे, आता दीडशे झाले पाहिजेत, असा हट्ट त्यांनी धरला होता. मान आखडते, उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते, हे त्यांनी वहिनींना सांगितलं होतं आणि मला कळू न देण्याबद्दलही बजावलं होतं. मला ते फार उशिरा कळलं.

मार्गशीर्षातली सकाळ होती. गारठा इतका की फरशीवर पाय ठेववत नव्हता. दादांनी अंग मोकळंही केलं नाही, एकदम डोक्यावर उभे राहिले. श्वास मोजायचं काम माझ्याकडे. एकशे वीसच्या पुढे कुठेतरी वाळलेली काडी मोडावी तसा बारीक आवाज त्यांच्या मानेतून आला. मी ऐकला, आणि तरी मोजत राहिलो. दीडशे झाल्यावर ते खाली आले, हसले, चहा प्यायले. अर्ध्या तासाने म्हणाले, जरा चक्कर येतेय, पडतो.

मी त्यांना खालच्या खोलीत अंथरुणावर निजवलं. थोड्या वेळाने त्यांनी मान न वळवता, नुसत्या डोळ्यांनी डावीकडे पाहिलं.

"हा हात कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच, दादा."

"माझा हा इथे आहे." त्यांनी उजवा हात उचलून दाखवला. "हा कुणा म्हाताऱ्याचा आहे. माझ्याशेजारी कोणी आणून ठेवला?"

आवाजात घाबरेपणा नव्हता. वर्गात खडू कोणी हलवला असं विचारावं तसं ते विचारत होते. तेच मला सहन होईना. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर टांग्याने आले. मानेतल्या शिरेला इजा झाली आहे, त्यामुळे मेंदूला रक्त कमी पडलं, असं त्यांनी सांगितलं. मान अजिबात हलवू नका, वाट पाहा. हात ओळखू न येणं हे त्याच दुखण्यातलं आहे, असंही ते म्हणाले. मला धीर आला.

दुपारी मात्र तो धीर गेला. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं आणि दादा डोळे मिटून पडले होते. तो हात आपला आपण हलायला लागला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत, काहीतरी अदृश्य ओढत होती, थांबत होती, पुन्हा ओढत होती. आमचे वारलेले वडील जन्मभर जरीची तार ओढत असत, आणि ती लय मी झोपेतही ओळखली असती. मी वाकून पाहिलं. तर्जनीवर तारेने पडते तशी खोल खाच होती. दादांनी आयुष्यात तारेला हात लावला नव्हता. मी वहिनींना हाक मारली. चादरीचा वळ असेल, त्या म्हणाल्या आणि लगेच खोलीबाहेर गेल्या. तो वळ तीन दिवस राहिला.

नदीवरच्या नागझिरी घाटावर एक म्हातारे गोसावी बसत. सकाळच्या उन्हात ते नुसते घोटे फिरवायचे, मनगटं फिरवायचे, खांदे वर-खाली करायचे. याला काय योग म्हणायचं, असं दादा पूर्वी हसत. महिन्याभराने डॉक्टरांनी हलकी हालचाल करायला परवानगी दिली, तेव्हा मी त्या गोसाव्यांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते घरी आले. मानेला त्यांनी बोटही लावलं नाही. तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"हात कोणाचाही असो, मास्तर," ते म्हणाले. "घरी आलेला वडीलधारा समजा. विचारल्याशिवाय हलवू नका. नाही म्हणाला तर तिथेच थांबा."

मग मला बाजूला घेऊन त्यांनी नीट समजावलं. आधी अंग ऊबदार करायचं. झटका द्यायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. दुखण्याच्या अलीकडेच परतायचं. उठताना कुशीवर वळून, थांबून उठायचं. आणि डोक्यावर भार पुन्हा कधीही नाही.

रोज सकाळी तेवढंच चालायचं. दादा विचारायचे, "उचलू का?" आणि वाट पाहायचे. कधी हात उचलला जायचा, कधी नाही. कधी कधी त्यांनी विचारण्याआधीच तो वर यायचा. त्या हाताबद्दल ते आदराने बोलू लागले. "आज ते दमलेत," म्हणायचे, आणि आम्ही थांबायचो.

मी स्वतः मात्र शीर्षासन सोडलं नव्हतं. दादांना जमलं नाही म्हणून मी का थांबू, असं मनात कुठेतरी होतं. वैशाखात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, एका सकाळी मी माडीवर घडी घातलेल्या घोंगडीवर डोकं टेकलं आणि पाय वर घेतले. मानेत एक बारीक ओढ लागली. थोडा वेळ सोसू म्हटलं. तेवढ्यात खालून फरशीवर थाप ऐकू आली. पुन्हा एक. मग सारख्या, वडील आम्हाला जेवायला हाका मारताना पाटावर मारत तशा. मी उतरलो, कुशीवर वळलो, थांबलो, आणि खाली गेलो.

दादा गाढ झोपले होते. तोंड थोडं उघडं होतं. डावा हात गादीबाहेर फरशीवर पालथा पडला होता, आणि मी पाहत असताना तो एकदाच उचलला जाऊन खाली आला. मी शेजारी बसून त्याच्यावर माझा हात ठेवला. तो दादांच्या कपाळापेक्षा ऊबदार होता.

त्या दिवसापासून मी डोकं जमिनीला टेकवलं ते नमस्कारापुरतंच.

दादा आणखी नऊ वर्षं जगले. काठी न घेता घाटापर्यंत जाऊन यायचे. हात माझा झाला, असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. सवय झाली, एवढंच म्हणायचे.

आता मी त्यांच्या त्या वयाच्या पुढे गेलो आहे. माडीवर काही माणसं शिकायला येतात. मागच्या थंडीत कचेरीतले एक पेन्शनर आले. त्यांना पहिल्याच दिवशी शीर्षासन हवं होतं. मी त्यांना घोटे फिरवायला सांगितलं. ते चिडून निघून गेले. दोन महिन्यांनी कमरेवर हात ठेवून, एकेक पायरी चढत पुन्हा आले. कुठे काय केलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मी चटई उन्हात ओढली.

"सावकाश बसा," म्हटलं.