झोळी मावणारी मोटार

मोटारीबद्दल मत नाही असा पुरुष मी लोणावळ्यात पाहिला नाही. दारात सायकलही नसे, पण स्टेशनासमोरच्या मोटारतळावर उभे राहून नव्या गाडीची अशी चिरफाड करत की मालकाने तोंड लपवावं. माझा थोरला भाऊ तिथेच भाड्याची मोटार चालवायचा आणि आमची खोली तळाला लागून होती. भाकऱ्या थापता थापता मी सगळं ऐकत असे. खरं सांगते, त्यांच्यातल्या निम्म्यांपेक्षा मला जास्त कळायचं.

"किंमत चढली आन् पत्रा उतरला," एक म्हणे.

"फेटा काढल्याबगर आत शिरता येत न्हाई, ती काय मोटार?" दुसरा म्हणे.

दादाची गाडी जुनी, लांबलचक आणि वरून उघडी होती. हूड मागे दुमडायचं. तेल पिण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण मावळातल्या गावांना तीच आवडे. जिथे सडक नाही तिथून आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून, बांबूला टांगून, खांद्यावरून सडकेपर्यंत आणत. दादा बांबूचं एक टोक पुढच्या बैठकीच्या पाठीवर टेकवी, दुसरं मागच्या हुडावर, आणि दोन्ही दोरीने आवळी. माणूस झोळीतच, आडवाच दवाखान्यात पोचे. खड्डे चाकांना लागत, त्याला नाही.

बंगल्यांवर येणाऱ्या मंडळींना मात्र ती गाडी खटारा वाटू लागली. बायकांच्या लुगड्यांवर धूळ बसे. त्यांना बंद, बुटकी, गोलसर मोटार हवी होती. तळावर तशी एक आली आणि गिऱ्हाईक तिकडेच वळलं. शेवटी दादाने जुनी विकली, वर पैसे घातले आणि तसलीच एक घेतली. मला भयंकर राग आला.

"दादा, हिच्यात झोळी कुटं ठिवनार?"

"झोळीवाले वरसाचे येत्यात किती? पोट काय झोळीवर चालतं व्हय?"

त्याचंही खोटं नव्हतं. पण दिसायला छान आणि आत जागा नाही अशी वस्तू मला तेव्हाही पटली नाही आणि आजही पटत नाही.

भातकापणी संपत आली होती तेव्हा गावाकडून निरोप आला. आमचे वडील, आबा, डोंगराच्या पोटाशी शेती करून राहत. त्यांच्या पोटात दोन दिवस कळ मारत होती; त्यांना मळवलीपाशी सडकेवर आणत होते. दादा आणि मी मोटार घेऊन गेलो. भावकीतल्या चौघांनी झोळी खाली टेकवली. आबा पांढरे पडले होते.

"आमी असंच न्हेतो चालत," त्यांच्यातले आमचे चुलते म्हणाले. "लोनावळं काय लांब न्हाई."

"मोटारीनं लवकर पोचतील, काका," दादा म्हणाला.

आबा त्या नव्या मोटारीत कधी बसले नव्हते. दादाने किती वेळा बोलावलं होतं.

त्यांना आत घालायलाच आम्हा सगळ्यांचे हात लागले. पाय पोटाशी दुमडावे लागले. चौघांना आत जागाच नव्हती. ते मागे राहिले. गाडी हलली आणि आबा ओरडले. दादाने वेग कमी केला. पुन्हा खड्डा, पुन्हा ओरडणं. दादाने आणखी कमी केला. एक बैलगाडी आमच्या पुढे निघून गेली.

"मला आडवं करा रे," आबा म्हणाले.

मी त्यांचं डोकं मांडीवर ओढलं, पण पाय दाराला अडले. "आडवं कर, पोरी." कुठे करू? मी रडत होते आणि त्यांची मान धरून बसले होते. वलवण जवळ आलं तसं त्यांनी सांगायचं सोडलं. दादाने गाडी थांबवली. आम्ही त्यांना बाहेर काढून जांभळीखाली गवतावर ठेवलं. त्यांनी आपले आपणच पाय लांब केले, एकदा श्वास घेतला, आणि मग घेतला नाही.

दादा त्यांचे पाय धरून बसला. थोड्याच वेळात सडकेवर माणसं दिसली. रिकामी झोळी खांद्यावर टाकून चौघे येत होते. त्यांची चाल नेहमीचीच होती, कोणी धावत नव्हतं.

"काका, तुमी इतक्यात कसं आला?" दादाने विचारलं.

चुलत्यांनी डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. "आमी तुमच्या मागंच हुतो की, लेकरा."

त्यांनी आबांना झोळीत नीट आडवं घातलं. दादाने मोटार तिथेच सोडली आणि बांबूचं पुढचं टोक आपल्या खांद्यावर घेतलं.