मागचं सगळं दिसलं पाहिजे

आमच्या वृद्धाश्रमात कॅमेरा आला त्या दिवसापासून मला त्याची किळस आहे. फाटक्या गाद्या बदलायला आश्रम चालवणाऱ्या साहेबांना सवड नव्हती, पण कॅमेरा मात्र दोन भिंगांसकट हजर झाला. मी इथली स्वयंपाकीण, त्यामुळे मला कुणी विचारलं नाही. फोटो काढायचं लोढणं आलं हळूबाईच्या गळ्यात. ही आमची आया. चमचाभर पाणी पाजायलाही ती इतका वेळ लावते की तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलंय.

पहिल्याच दिवशी तिने भिंग पुसलं, तेही फरशीच्या फिनेलच्या फडक्याने. सगळं त्याच फडक्याने पुसायची तिची सवय. फोटो धुरकट आले. आता हिची धडगत नाही असं मला वाटलं, तर साहेब खूश. सुरकुत्या गेल्या, डाग गेले, म्हातारे कसे तजेलदार दिसतायत म्हणाले.

मग साहेबांनी स्वतः शिकवायला घेतलं. भिंगाच्या आत एक भोक असतं. त्याचा आकडा लहान ठेवला की ते मोठं उघडतं, समोरचा चेहरा तेवढा लख्ख येतो आणि मागचं विरघळून जातं. आकडा मोठा केला की भोक बारीक होतं, जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट येतं. पण उजेड कमी पडतो, झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते, आणि कुणी जरा हललं की फोटो फुकट.

“तू लहान आकड्यावरच राहा,” साहेब म्हणाले. “मागचं कुणाला बघायचंय?”

मागचं म्हणजे ओल आलेली भिंत, खाटांखालच्या तुंबलेल्या बादल्या आणि एकाला एक खेटून लावलेल्या खाटा. दर आठवड्याला हे सगळं गुळगुळीत होऊन नातेवाइकांच्या ग्रुपवर जायचं. तिकडून जोडलेल्या हातांची चित्रं यायची.

कोपऱ्यातल्या खाटेवर घड्याळवाले आजोबा असत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, मग अर्धांगवायूने वाचा गेली आणि उजवी बाजू लुळी पडली. पडून पडून पाठीला जखम झाली, ती चिघळली. त्या कोपऱ्यात मीसुद्धा नाक दाबून जायचे. मुलाने सांगितल्याशिवाय दवाखान्यात नेता येत नाही, असं साहेबांचं म्हणणं, आणि मुलाला ते कळवत की जरासं खरचटलंय. मुलगाही बापाचा चेहरा फोटोत बघून निर्धास्त. असंच चाललं तर आजोबा त्या जखमेनेच जाणार, हे मला कळत होतं, हळूबाईला कळत होतं आणि आजोबांनाही.

हळूबाई माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांचे फोटो काढून हात बसवू लागली. उजेड वाढवायचं बटण दाबलं तर फोटोवर रवा सांडल्यासारखे ठिपके आले, ते तिने सोडून दिलं. हातात कॅमेरा धरला तर फोटो हलायचा. शेवटी फोटो पाठवायचा कंटाळा येऊन साहेबांनी आश्रमाचा फोनही तिच्याकडे सोपवला, तेव्हा तिने माझा रिकामा डबा मागून नेला, स्टुलावर पालथा घातला आणि त्यावर कॅमेरा ठेवला. आजोबांना कुशीवर वळवलं, जखमेवरचं फडकं काढलं, आकडा मोठा केला.

“हलू नका,” ती म्हणाली.

आजोबांनी श्वाससुद्धा धरून ठेवला. फोटोत जखम आली, तिचा पिवळा काठ आला आणि मागची पार शेवटची खाटही आली. तो तिने फक्त मुलाला पाठवला. उत्तर लगेच आलं: असे फोटो नका पाठवू, घरात बघवत नाहीत, पूर्वीसारखेच काढा.

मी त्याला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. हळूबाईने फोन आजोबांसमोर धरला. स्वतःची पाठ ते पहिल्यांदाच बघत होते.

“सगळ्यांना दाखवू का?” तिने विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

फोटो ग्रुपवर गेला आणि फोन थांबेना. कुणाला रांगेत आपली आई दिसली, कुणाला आपला काका, बादल्यांना खेटून झोपलेले. साहेबांची पाचावर धारण बसली. आजोबांच्या मुलाच्या नावाने ग्रुपवर अशी छी-थू झाली की दुसऱ्या दिवशी तो रुग्णवाहिका घेऊन दारात उभा राहिला. बापासाठी नाही, लाजेखातर आला. पण आला.

खाटेपाशी पोचला आणि त्याने आधी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. आजोबा त्याच्याकडे बघत होते. हळूबाईने डबा स्टुलावर पालथा घातला, वर कॅमेरा ठेवला आणि त्यालाही सांगितलं, “हलू नका.”