मागची सीट

माझी बदली एका आडवळणाच्या गावातल्या शाळेवर झाली, तेव्हा घरात सगळ्यांनी जीपचंच नाव घेतलं. शेलूबाजारच्या चौकातून कुठंही जायला जीप मिळते, ही आमची श्रद्धा. पण त्या गावाची पहिली जीप निघायची ती माझी शाळा भरून गेल्यावर. रुजू व्हायचं होतं दिवाळीच्या सुट्टीनंतर; म्हणजे तोवर स्कूटी शिकायची, नाहीतर नोकरी सोडायची. नोकरी मला जिवापलीकडे प्यारी. आणि पन्नाशीला टेकले तरी मला साधी सायकलही येत नव्हती.

नवऱ्यानं अंगणात चार चकरा मारायला शिकवलं, पण रस्त्यावर मागं बसायचं म्हटलं की त्याला हमखास काम आठवायचं. लेक तर सरळ म्हणाला, "आई, माह्यं लग्न व्हायचं हाये अजून." बापलेकांवर मी चांगली डाफरले, पण एकटीनं रस्त्यावर जायची छाती होईना. शेवटी बांगड्यांच्या दुकानात जाऊन मैत्रिणीपुढं गाऱ्हाणं ओतलं.

ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. ईदेच्या शीरखुर्म्याचा पहिला वाडगा माझा आणि आमच्याकडच्या बुद्धपौर्णिमेच्या खिरीचा पहिला वाडगा तिचा. बाकी आमचं एकमत क्वचितच होतं. तिनं सगळं ऐकलं आणि बांगड्यांचे खोके बाजूला सारले.

"कायले रडून राह्यली वं? मी बसते मागं."

"तुले येते का चालवता?"

"मले कुठून येईन? मागं बसायले काय शिका लागते?"

मग रोज दुपारी गिऱ्हाईक पांगलं की ती बुरख्याचा घोळ आवरून मागं बसायची आणि हुकूम सोडायची. "हळू घे! म्हैस आली वं, म्हैस!" मी चिडायचे, पण गाडी पुढं जायची.

सोयाबीनचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्याकडे अर्धा डांबरी रस्ता शेतकऱ्यांचा असतो. एका वळणावर वाळत घातलेल्या दाण्यांवर चाक गेलं आणि आम्ही दोघी सोयाबीनमध्ये आडव्या! मालकीण धावत आली. तिनं आधी सोयाबीन पाहिलं, मग आम्हाला उठवलं, पाणी पाजलं आणि दोघींच्या हातात झाडू दिले. ढीग सारखा करताना मैत्रिणीच्या सोलवटलेल्या कोपराकडे माझं लक्ष गेलं आणि मला रडूच कोसळलं.

"मी नोकरी सोडते," मी म्हणाले. "गाडी ढकलत नेतो घरी, चाल."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही बाई मात्र कपडे झटकून पुन्हा मागच्या सीटवर जाऊन बसली.

"ढकलत कायले? चालव. आता उतरवशीन तं दुकानापाशीच उतरव."

वाटेत मी विचारलं, "तुले भेव नाई लागत?"

"लागते नं. मी तं पहिल्या दिवसापासून डोळे मिटून बसते."

"अन् म्हैस आली म्हणून वरडतं ते?"

"म्हैस तं कुठं ना कुठं असतेच!"

मला इतकं हसू आलं की गाडी कडेला घ्यावी लागली. ती मात्र गंभीरपणे कोपरावर फुंकर घालत होती. ज्याला भीतीच वाटत नाही, त्यानं मागं बसण्यात काय मोठेपणा? ही जीव मुठीत धरून बसत होती, तेही रोज. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

लायसन्स मिळालं, सुट्टी संपली. रुजू व्हायच्या दिवशी मी तिला बोलवायला गेले तर तिनं हात जोडले. "आता मी नाई येत. मी मागं असली का तू माह्याच भरवशावर राह्यतं." मला रागच आला. बाजाराचा दिवस आहे, धंदा बुडेल म्हणून टाळते आहे, असंही मनात येऊन गेलं. तणतणतच गाडी काढली. रागाच्या भरात गाव कधी आलं ते कळलं नाही.

शाळेच्या फाटकात गाडी लावून तिला फोन केला. एक रिंगही पुरी झाली नाही.

"पोचली?"

"पोचले."

पलीकडे शटर वर गेल्याचा खडखडाट ऐकू आला.

"अवं, बाजाराच्या दिवशी आता उघडून राह्यली दुकान?"

"गिऱ्हाईक उभंच हाये कवाचं," ती म्हणाली. "पर हात थरथरून राह्यले होते माह्ये. कोणाच्या हातात बांगड्या भरू?"