वाकलेल्या पट्टीतली वीज

प्रयोगशाळेत एका टोकाला चिमट्यात धरलेली सिरॅमिकची पांढरी पट्टी दुसऱ्या टोकाला हलकेच वर-खाली होते आहे. तिचं वाकणं डोळ्यांना दिसतही नाही, पण पडद्यावर विजेची बारीक लाट उमटते.

फोनवर हे सांगितलं, तर आई हसली. "चिनीमाती वाकते होय गं? आमच्या कपबश्या तर नुसत्या फुटतात."

वाकते. वाकताना तिची वरची बाजू ताणली जाते, खालची दबते, आणि या फरकातूनच वीज निघते. ताण सगळीकडे सारखा असता, तर ही पट्टी गप्पच राहिली असती. माणसाचंही कदाचित असंच असावं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. अर्धं मन गावाकडे ओढतं, अर्धं इथे अंग चोरून बसतं. या ओढाताणीची मला लाज वाटायची.

पडद्यावरची माझी लाट वाकण्याची नसून पट्टीत आधीच मुरलेल्या विजेची असावी, अशी आमच्या सीनियर मेघाताईला शंका होती. "पट्टी उलटून लाव. वाकण्याची वीज असेल तर लाट तशीच राहील, मुरलेली असेल तर लाटही उलटेल. मग तुझी सगळी मेहनत पाण्यात, बाई!"

मी पट्टी उलटून बसवली. लाट होती तशीच उमटली.

"ही वाकण्याचीच वीज आहे, ताई," मी म्हणाले.

एरवी माझ्या प्रत्येक वाक्यात एक 'बहुतेक' असतो. या वाक्यात तो नव्हता.