वरच्या मजल्यावरची नववी

माझ्या पेशाचं मराठी नाव व्यवसायोपचार. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका संस्थेतर्फे नाशिकच्या माध्यमिक शाळांमध्ये अपंग मुलांना भेटायला जाऊ लागले, तेव्हा या नावानंच माझा निम्मा वेळ खाल्ला. शाळांना वाटायचं, मी मुलांना मेणबत्त्या आणि खडू करायला शिकवणार. शिलाई मशीन कधी आणता, असंही एकानं विचारलं. मग मी सांगत बसायची की मूल वर्गात बसतं कसं, लिहितं कसं, डबा उघडतं कसं हे बघायचं आणि जिथे अडतं तिथे काहीतरी वाट काढायची, एवढंच माझं काम. "म्हणजे फिजिओ," समोरचा म्हणायचा. पुढे पुढे मी हो म्हणायला लागले.

पंचवटीतल्या एका शाळेत मला एक मुलगी भेटली, तेव्हा ती आठवीत होती. मखमलाबादच्या पुढे त्यांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. वडील पहाटे फुलं बाजारात टाकून घरी जायचे आणि मग तिला एम-एटीवर बसवून शाळेत आणायचे. जन्मापासून तिचे दोन्ही पाय ताठर होते, डावा हात आखडलेला. कुबड्यांवर चालायची, सावकाश, पण कुणी दंडाला धरलेलं तिला खपत नसे.

आठवीचं वर्ष बरं गेलं. बाकावर तिचे पाय लोंबकळायचे आणि त्यानं ताठरपणा वाढायचा, म्हणून सुताराकडून पायाखाली एक फळी करून घेतली. पेन निसटायचं, त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. दिवाळीनंतर फळा पुसला जायच्या आत तिचं उतरवून होऊ लागलं. वर्गही तळमजल्यावर होता आणि एक शिपाई मावशी तिला मधल्या सुट्टीत मागच्या बाजूच्या संडासाकडे घेऊन जायच्या. त्या मावशींचं मोल मला पुढच्या वर्षी कळलं, कारण त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही.

नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. मी जूनमध्येच मुख्याध्यापकांना भेटले. माणूस गोड होता. रागावून काही बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. ते चहा मागवायचे आणि म्हणायचे, "बघू मॅडम." एका मुलीसाठी अख्खी नववी खाली आणून पाचवी वर नेली तर पाचवीचे पालक डोक्यावर बसतील, हा त्यांचा मुद्दा. खाली एक संगणकाची खोली नुकतीच झाली होती. यंत्रांवर कायम प्लास्टिकची कव्हरं, मुलं क्वचितच आत जायची. ती खोली वर नेता येईल का, असं मी विचारलं.

"वर पत्रा फार तापतो," ते म्हणाले. "मशीन खराब होतील."

त्याच पत्र्याखाली मुलं दिवसभर बसत होती. मी चहा संपवला आणि उठले.

मुलगी कठडा धरून जिना चढायला लागली. मैत्रिणी दप्तर घ्यायच्या. एकदा वर गेली की शाळा सुटेपर्यंत खाली यायची नाही. ऑक्टोबरच्या उन्हात तिचं अक्षर दुपारनंतर बिघडतंय असं वर्गशिक्षिका म्हणाल्या. मी तिचा हात तपासला, बसणं तपासलं, काही वेगळं सापडेना. ओठ मात्र कोरडे पडले होते. मी माझी पाण्याची बाटली पुढे केली. तिनं ओठांना लावली आणि परत दिली. पाणी होतं तेवढंच होतं.

"तू पाणी पीत नाहीस का?"

"घरी गेल्यावर पिते, मॅडम."

"आणि सकाळी?"

तिनं नकारार्थी मान हलवली. सकाळचा चहासुद्धा तिनं सोडला होता. मागच्या संडासापर्यंत जायचं म्हणजे जिना, पटांगण, दोन पायऱ्या, आणि आत गेल्यावर उकिडवं बसणं, जे तिला कधीच जमणार नव्हतं. जूनपासून तिनं यावर एकटीनंच उपाय शोधला होता.

मी मुख्याध्यापकांकडे गेले तर ते म्हणाले, घरच्यांना सांगा, तब्येत सांभाळा म्हणावं. सहामाही परीक्षेच्या तोंडावर ती तापानं फणफणली. लघवीला जंतुसंसर्ग झाला होता, डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं. मी भेटायला गेले तेव्हा वडील बाहेर बाकड्यावर बसले होते. नखांत झेंडूचा पिवळा रंग. म्हणाले, "मॅडम, लय शिकायचं म्हणती. पण असं असंल तर घरीच बरी नाय का?"  पेनाला ट्यूब चढवण्याचं शिक्षण मी घेतलं होतं, आणि पोरीचं शिक्षण अडलं होतं लघवीपाशी.

मग मी लोखंडी नळ्यांची एक खुर्ची करून घेतली. मधे भोक, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, पायांना रबर. अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं चित्र बघून नीट बनवली. ती आम्ही मुलींच्या शेवटच्या संडासात भांड्यावर बसवली. जिना तसाच होता, पण मधल्या सुट्टीत मैत्रिणी सोबत यायच्या, बाहेर उभ्या राहायच्या. ती पुन्हा पाणी प्यायला लागली. वर्गशिक्षिकांचे गुडघे दुखायचे, त्याही हळूच तिथेच जातात, असं मुलींनी मला हसत हसत सांगितलं. मला इतकं बरं वाटलं की घरी जाताना रविवार कारंजावर थांबून मी चिवडा घेतला.

जानेवारीत गेले तर खुर्ची नव्हती. शाळेची तपासणी होती, तेव्हा उचलून खेळाच्या सामानाच्या खोलीत ठेवली होती आणि तिथेच राहिली होती. मुख्याध्यापकांनी चहा मागवला. मी नको म्हटलं.

"तपासणी संपली, सर. आता ती परत ठेवू या."

"मॅडम, लोखंडी वस्तू. ओल्या फरशीवर एखादी मुलगी पडली तर जबाबदारी कुणाची?"

"आणि ही पुन्हा आजारी पडली तर?"

 ते अगदी मायेनं म्हणाले की मुलगी हुशार आहे, अपंगांच्या शाळेत तिला जास्त चांगलं वातावरण मिळेल, आपण तिथे चौकशी करू. मी बाहेर आले. गाडी सुरू होईना. किक मारताना डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते रागाचं होतं.

पुढच्या भेटीला जिना चढून वर गेले तर वऱ्हांड्यात गर्दी. नववीच्या वर्गापलीकडे एक बंद दार होतं. मी ते कितीदा बघितलं होतं, अडगळीची खोली समजून. त्या दाराला पाठ लावून ती खाली फरशीवर बसली होती, कुबड्या मांडीवर आडव्या. तो संडास होता. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे पदाधिकारी कार्यक्रमाला येत, त्यांच्यासाठी बांधलेला, कमोडचा. तिच्या बाकापासून हाकेच्या अंतरावर. शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते माहीत होतं आणि माझ्या इतक्या खेपांत एकानंही ते मला सांगितलं नव्हतं. मधे एका कार्यक्रमाला कुणी पाहुण्यानं ते दार उघडलं होतं, ते तिनं वर्गातून बघितलं होतं.

मुख्याध्यापक तिला समजावत होते. वर्गात जा, मग बोलू. ती मान खाली घालून ऐकत होती. त्यांचं संपल्यावर म्हणाली, "सर, मला इथं जायचंय. मग मी वर्गात जाते."

तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. मुलं बघत होती. मुख्याध्यापक म्हणाले की हा विद्यार्थ्यांसाठी नाही, उद्या सगळे मागतील. मी पुढे होणार एवढ्यात वर्गशिक्षिका कार्यालयातून आल्या, धापा टाकत, हातात चावी. त्यांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं नाही. वाकून कुलूप काढलं, दुखऱ्या गुडघ्यांवर तिच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "ऊठ बाळा." त्या दिवशी तिनं त्यांना दंड धरू दिला.

मुख्याध्यापक खाली निघून गेले. वर्गशिक्षिकांनी दुसरी चावी करून घेतली आणि ती आपल्या पर्समध्ये ठेवली. नववीचे उरलेले महिने आणि दहावीचं वर्ष असं चोरून चाललं. शाळेनं परवानगी कधी दिली नाही, नकारही दिला नाही. दहावीला लेखनिक घ्यायला तिनं नकार दिला, फक्त वाढीव वेळ घेतला आणि सगळे पेपर स्वतःच्या हातानं लिहिले. पास झाली. सत्काराच्या दिवशी मुख्याध्यापकांनी शाळेच्या सहकार्याबद्दल लांबलचक भाषण केलं. मी मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या, कारण ती स्टेजवर होती.

दोन-तीन वर्षांनी त्याच शाळेत एक मुलगा आला, हरसूलकडचा, काकांकडे राहून शिकणारा. त्याच्या पायांतली ताकद हळूहळू कमी होत होती. वर्ग अर्थातच वर. वर्गशिक्षिका तोवर दुसऱ्या शाळेत गेल्या होत्या. मी मुख्याध्यापकांना वरच्या संडासाची चावी मागितली आणि त्या मुलीची आठवण करून दिली. ते खरोखर गोंधळल्यासारखे दिसले. "तशी काही सोय आपण केली नव्हती, मॅडम," म्हणाले. आणि ते खरंच होतं. शाळेनं काहीच केलं नव्हतं. मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची होती, व्यवसायोपचार म्हणजे काय इथपासून.

त्याच सुमारास ती मुलगी मला भेटली, बारावी झाल्यावर. कॉलेजात प्रवेश घेतला म्हणाली. तीन कॉलेजं फिरून आली होती वडिलांबरोबर. मी विचारलं, विषय कोणते घेतलेस?

"आधी संडास बघितले," ती म्हणाली. "विषय मग ठरवले."