चिमाजींचा न उघडलेला नकाशा

दिघीत कुणी घर विकायला काढलं की आधी चिमाजींना बोलावणं जाई. मोजणी खात्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं जमीन मोजायची साखळी ओढली होती. "नकाशा बघितल्याबिगर सौदा करू नगा," हे ते इतक्यांदा सांगत की पोरंटोरं त्यांची नक्कल करत.

मी त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचो, भोसरीच्या कारखान्यात शिफ्ट करायचो. गावभर नकाशे वाचून दाखवणारा हा माणूस स्वतःच्या घराचा नकाशा मात्र ट्रंकेत कुलपात ठेवी. एकदा मी सहज बघायला मागितला, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून मला चैन पडेना. असं काय असेल त्या कागदात?

१९७९ साली चिमाजींच्या लेकीनं चाकणला आपल्या शेजारीच आईबापांसाठी जागा पाहिली. चिमाजींच्या बायकोला, सोजराबाईंना, दिसेनासं झालं होतं. लेकीजवळ जायची त्यांना घाई होती. घराला गिऱ्हाईकही भला माणूस मिळाला, इकबाल, कंपनीतला टर्नर. सगळं ठरलं आणि इकबालनं अदबीनं विचारलं, "काका, नकाशा दाखवता? तुम्हीच सांगता ना सगळ्यांना."

चिमाजींचा चेहरा उतरला, पण ट्रंक उघडली. मी अधाशासारखं वाकून पाहिलं. घराच्या हद्दीची रेघ चुलीमागच्या भिंतीपर्यंत पोचतच नव्हती, हातभर अलीकडूनच गेली होती. कागदावर चूल शेजारच्या हिंदुरावांच्या जागेत!

"मीच केलं," चिमाजी म्हणाले. "नऊ वर्सांमागं गावठाणाची मोजणी आली तवा ह्यो हिंदुराव चावडीवर म्हनला, घरचीच साखळी, चिमाजी मारतोय बघा हात. लई लागलं मला. म्हून साखळीचं टोक भिंतीपतुर नेलंच न्हाई, आत धरलं. सायबाचा माझ्यावर इश्वास, त्यांनी तसंच लिवलं."

"म्हंजी नऊ वर्सं मी दुसऱ्याच्या जागेत भाकरी भाजली? आन् तुमी समोर बसून खाल्ली!" सोजराबाई म्हणाल्या. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण बाई रडत होत्या. इकबालनं सांगितलं, हिंदुरावांची संमती नसेल तर आपल्याला घर घेता येणार नाही.

चिमाजी नकाशा घेऊन हिंदुरावांकडे गेले. मी मागोमाग. राहवतंय कुठं! हिंदुरावांनी ऐकून घेतलं, मग कोनाड्यातून आपलाही नकाशा काढला.

"तूच म्हनलास, परत्येकानं काढून ठिवा. काढला. तवाच दिसलं मला."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? म्या तुला चोर म्हनलो, आन् तू आपली चूल माझ्या पदरात टाकून गप बसलास. तोंड कुठं हुतं मला?"

चिमाजी उंबऱ्यावरच बसले.

हद्द पुन्हा मोजून घ्यायच्या अर्जावर हिंदुरावांनी सही केली. फेरमोजणीच्या दिवशी चिमाजी साखळीला हात लावायला तयार होईनात. तेव्हा हिंदुरावांनीच तिचं टोक उचललं आणि भिंतीच्या बाहेरच्या कडेला नेऊन टेकवलं.